चिमटा आणि चटका



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी आज फक्त प्रकाशचिमट्याबद्दल, म्हणजे लेसरच्या झोतानं पेशी धरणाऱ्या उपकरणाबद्दल बोलणार आहे. आयुष्यातली कामाची वर्षं मी त्याच्याच शेजारी काढली आहेत.

यीस्टची पेशी चिमट्यात सापडते तो क्षण अनेकांनी पाहिला नसेल. खोलीत अंधार असतो. स्क्रीनवर करड्या पाण्यात पेशी डुलत असतात. स्लाइड अगदी हळू सरकवत त्यातली एक लेसरच्या केंद्राजवळ आणायची. शेवटचं मायक्रॉनभर अंतर ती उडी मारल्यासारखी स्वतःच ओलांडते आणि तिथेच थरथरत राहते. मग स्लाइड कितीही फिरवा, बाकीच्या पेशी वाहत निघून जातात, ही जागची हलत नाही. लेसर अवरक्त असल्यामुळे तिला कोण धरून आहे, हे डोळ्यांना दिसतही नाही. अजूनही दर वेळी माझा श्वास अडकतो.

पेशीतून जाताना किरण वळतो, त्याचा संवेग बदलतो आणि त्याची प्रतिक्रिया पेशीला खेचते. एक मिलीवॉट प्रकाश पूर्ण शोषला गेला, तर बल भरतं ते जेमतेम ३.३ पिकोन्यूटन. एक पिकोन्यूटन म्हणजे साधारण एका तांबड्या रक्तपेशीचं वजन. हे क्षुल्लक वाटेल, पण पेशीतली बरीचशी ओढाताण याच मापात चालते. कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर ओझं घेऊन ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकतं, हे १९९३ साली प्रकाशचिमट्यानंच दाखवलं. केसाची जाडी ओलांडायला त्याला दहाएक हजार पावलं पडतील.

या साऱ्याचा पाया बेल लॅबोरेटरीजमध्ये आर्थर अ‍ॅश्किन यांनी घातला. १९७० साली त्यांनी पाण्यातले सूक्ष्म मणी लेसरनं ढकलले आणि दोन समोरासमोरच्या झोतांत अडकवले. १९८६ साली एकाच झोतात कण पकडला. पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तंबाखूच्या विषाणूंचा नमुना काही दिवस तसाच राहिला होता. त्यात आपणहून पळणारे मोठे कण दिसू लागले. ते जिवाणू होते. नमुना खराब झाला म्हणून ओतून न देता अ‍ॅश्किन आणि त्यांचे सहकारी जोसेफ झेझिक यांनी त्यांनाच पकडलं. हिरव्या लेसरमध्ये जिवाणू मरत होते. त्यांनी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लावला, तेव्हा जिवाणू जगले आणि चिमट्यात असतानाच त्यांची वाढही झाली. हे १९८७ साल. अ‍ॅश्किन यांना नोबेल मिळालं २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी.

धरायचं, पण चटका लागू द्यायचा नाही, ही आमच्या विद्येची पहिली अट आहे, आणि आपण ती विसरत चाललो आहोत. अवरक्त म्हटलं की निर्धोक, असं आपण गृहीत धरतो. ते खरं नाही. १९९९ साली ई. कोलाय जिवाणूंवर झालेल्या कामात ८७० आणि ९३० नॅनोमीटरला सर्वाधिक इजा आढळली, ८३० आणि ९७० ला सर्वांत कमी. ऑक्सिजन काढून घेतल्यावर तर ती जवळजवळ थांबलीच.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सहा महिने आम्ही जिवाणूंच्या हालचालीवर एका औषधाचा परिणाम मोजत होतो. औषध घातलं की हालचाल मंदावते, असा सुरेख आलेख निघाला. एका विद्यार्थिनीनं औषध न घालता तोच प्रयोग केला. आलेख हुबेहूब तसाच. जिवाणूंना थकवत होता तो आमचा लेसर. ही तुलना पहिल्या आठवड्यात करायला हवी होती. ती मी करून घेतली नाही. चूक सर्वस्वी माझी. त्या विद्यार्थिनीला मात्र मी आजही माझी गुरू मानतो.

जपून केलेलं काम कुठवर जातं, ते आपल्याच मुंबईत पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटानं पेशीनं गिळलेले मणी जिवंत पेशीच्या आतच चिमट्यात धरले. डायनीन नावाच्या प्रथिनाचे एकेकटे दुबळे रेणू जमावानं ओझं कसं ओढतात, हे त्यांनी २०१३ साली दाखवलं.

म्हणून माझी एकच मागणी आहे. प्रत्येक शोधनिबंधात, प्रत्येक पोस्टरवर नमुन्यापर्यंत पोचलेली पॉवर आणि पेशी किती वेळ धरली, हे छापा. लेसरच्या डब्यावर लिहिलेला आकडा चालणार नाही. वाटेत सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह भिंग त्यातला मोठा वाटा गिळतं. उद्या सकाळी पहिल्या सत्रात ही पॉवर मोजण्याचं प्रात्यक्षिक मी स्वतः करणार आहे. ज्यांनी ती कधीच मोजलेली नाही, त्यांच्यासाठी पुढची रांग राखून ठेवली आहे.