ज्या कामाला पत्र येत नाही
(शाळेच्या संगणकावरील कार्यसूचीविषयी भाषण)



ग्रामीण प्राथमिक शाळेत कामे दोन वाटांनी येतात. काही कामे पत्राने येतात. त्यांवर जावक क्रमांक असतो, मुदत असते, आणि मुदत टळली तर स्मरणपत्रही येते. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती इत्यादी कामे या वर्गातील होत. दुसरी कामे पत्रावाचून येतात. तिसरीतील एखाद्या मुलीस जोडाक्षरे वाचता येत नाहीत, याविषयी कोणतेही कार्यालय स्मरणपत्र धाडीत नाही. परिणामी पहिली कामे पार पडतात आणि दुसरी उद्यावर जातात. हा शिक्षकाच्या निष्ठेचा दोष नव्हे. केवळ स्मरणात ठेवलेल्या यादीत जे काम मोठ्याने हाक मारते तेच पुढे येते, हा मनाचा स्वभाव होय.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकास नेमण्यास मनाई केली आहे. तथापि शाळेच्या स्वतःच्या नोंदींचा भार त्यामुळे नाहीसा होत नाही. तो सुव्यवस्थेनेच हलका करावा लागतो, आणि येथेच शाळेच्या टेबलावरील संगणक उपयोगी पडतो.

कामांची यादी ठेवणाऱ्या अनेक संगणक-प्रणाली आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी 'सुपर प्रॉडक्टिव्हिटी' ही एक मुक्तस्रोत प्रणाली आहे. मुक्तस्रोत म्हणजे जिची घडण सर्वांस पाहावयास खुली आहे आणि जिची प्रत करून दुसऱ्यास देण्यास परवानगी आहे, अशी प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालींच्या चळवळीचा आरंभ केला. केरळातील सरकारी शाळांनीही संगणक-शिक्षणासाठी अशाच प्रणालींचा अंगीकार केला आहे. शाळेच्या दृष्टीने तिचे तीन लाभ आहेत. तिला मूल्य पडत नाही. ती विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालते. आणि तिची माहिती शाळेच्याच संगणकात राहत असल्याने खाते उघडावे लागत नाही व इंटरनेट बंद असतानाही काम अडत नाही.

तिची रीत सोपी आहे. 'प्रकल्प' म्हणजे कामांचा एक गट. कार्यालयीन कामे, वर्गाध्यापन, शाळा व्यवस्थापन समिती असे तीन-चार प्रकल्प पुरे होत. प्रत्येक कामाचे नाव देवनागरीत लिहिता येते, त्यास तारीख देता येते व त्याखाली उपकामे मांडता येतात. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन किंवा दरमहाचा हिशेब यांसारखे पुन्हा पुन्हा येणारे काम एकदाच नोंदविले की ते ठरलेल्या वेळी आपोआप यादीत उभे राहते. कामास किती वेळ लागेल याचा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ हे दोन्ही टिपता येतात. नोंदी भरण्यात आठवड्याचे किती तास गेले, हे त्यावरून मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांपुढे आकड्यांनिशी मांडता येईल.

परंतु या यादीचा खरा कस पत्रावाचून येणाऱ्या कामात लागतो. नांदेड जिल्ह्यातील कंधार व मुखेड, लातूर जिल्ह्यातील अहमदपूर व जळकोट या बालाघाटाच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुले आईबापांबरोबर निघून गेली की शिक्षकाच्या हाती केवळ रिकामा पट उरतो. आजीआजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची आणि जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. मात्र ती वेळेवर झाली तरच तिचा उपयोग. बैलगाडी वा ट्रॅक्टर भरल्यावर पत्रक लिहावयास बसणे व्यर्थ होय.

यास्तव शिक्षकाने 'स्थलांतर' हे काम वार्षिक म्हणून नोंदवावे. दसऱ्याची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून त्याची सुरुवात १ सप्टेंबरला धरावी. त्याखाली उपकामे लिहावीत. मुकादमाची उचल कोणी घेतली याची गावात चौकशी करणे, कोणते मूल मागे राहू शकेल हे पालकांना विचारणे, समितीच्या सभेत वसतिगृहाचा विषय ठेवणे, प्रत्येक जाणाऱ्या मुलाची वाचन-गणिताची पातळी तपासून हमी पत्रक पालकांच्या हाती देणे, आणि शेवटी, मुले परतल्यावर त्यांची पुन्हा तपासणी करणे. प्रत्येक उपकामास स्वतंत्र तारीख द्यावी. पाचवीच्या मुलांचे नवोदय प्रवेश परीक्षेचे अर्ज किंवा वाचनात मागे पडलेल्या चार मुलांचा रोजचा अर्धा तास, हीही कामे अशीच मांडता येतील.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. संगणक बंद असता तो स्मरण देऊ शकत नाही. म्हणून सकाळी परिपाठापूर्वी यादी पाहून त्या दिवसाची तीनच कामे वहीत उतरवून घ्यावीत. यादीत मुलांचे आधार क्रमांक किंवा घरची खाजगी माहिती लिहू नये. हजेरीपटावरील क्रमांक पुरेसा आहे. महिन्यातून एकदा यादीची प्रत पेन ड्राइव्हवर काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. झालेल्या कामापुढे खूण करण्याचे समाधान मोठे असते. त्या समाधानासाठी क्षुल्लक कामांनी यादी भरू नये.

शिक्षकाची बदली होते, शाळा तेथेच राहते. नव्या शिक्षकास दप्तराबरोबर ही यादीही मिळाली, तर कोणते कुटुंब केव्हा जाते आणि कोणत्या मुलाचे वाचन कोठे अडले आहे, हे त्यास पहिल्याच आठवड्यात कळेल. पत्राने येणाऱ्या कामांची काळजी कार्यालये घेतातच. पत्रावाचून येणाऱ्या कामास तारीख देणारा शिक्षकाखेरीज दुसरा कोणी नाही.