आरोग्याची संधी मोजायची कशी?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोला असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी म्हटले, मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. परंतु विषय नीट ऐकल्यावर ध्यानात आले की यात औषधापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे, आणि हिशेब मांडणे हे तर आमचे रोजचेच काम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण रोज सरासरी 60 मिनिटे आहे. 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2022 साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ या मापात कमी पडत होते. स्त्रियांमध्ये सुमारे 57 टक्के, पुरुषांमध्ये 42 टक्के. वर्तमानपत्रांनी लगेच लिहिले की भारतीय माणूस आळशी झाला.

आता ही मिनिटे मोजतात कशी ते पाहा. संघटनेची जी प्रश्नावली आहे तीत कामावरची हालचाल, जाण्या-येण्यातली हालचाल आणि फुरसतीच्या वेळची हालचाल, अशी सर्वांची मिनिटे विचारतात. म्हणजे दिवसभर डोक्यावर विटा वाहणारा नाक्यावरचा मजूर आणि पहाटे बूट घालून पळायला जाणारा फ्लॅटमधला माणूस, दोघेही ‘सक्रिय’ याच रकान्यात. चार घरची धुणीभांडी करून, पाण्याचे हंडे घेऊन तीन जिने चढणारी आपली भगिनीही त्यातच. तिचे गुडघे पस्तिशीतच बोलू लागतात, पण कागदावर तिला शंभर गुण. मोजमाप खोटे नाही, अपुरे आहे. शरीर किती हलले ते त्यात कळते. हलायचे की बसायचे हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसाला होता का, ते कळत नाही.

हाच प्रश्न अमर्त्य सेन यांनी 1979 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्याख्यानात उभा केला होता: समता हवी, पण ती नेमकी कशाची? वस्तूंची, सुखाची, की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो याची? त्यांचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. एक माणूस उपवास करतो आणि दुसरा उपाशी राहतो. दोघांचे पोट सारखेच रिकामे. परंतु पहिल्यासमोर ताट होते आणि त्याने ते बाजूला सारले; दुसऱ्यासमोर ताटच नव्हते. या फरकाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मराठीत ‘क्षमता’ असे भाषांतर करतात. मला ते पटत नाही, कारण त्यामुळे दोष माणसाच्या अंगात आहे असे वाटते. मी ‘खरी संधी’ म्हणेन.

आणि ही गोष्ट समजायला आपल्याला स्टॅनफर्डला जाण्याची गरज नाही, महाड पुरेसे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण होता. तरीही पाणी पिण्याची हिंमत कोणी करू शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा गावात मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि कोर्टातला निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. पासबुकावर शिल्लक दिसते पण खिडकीवर पैसे मिळत नाहीत, असा हा प्रकार. ठरावाची तारीख मोजायची की ओंजळीतले पाणी?

आता आपल्या भागाकडे येऊ. उल्हासनगर शहराचे क्षेत्रफळ सुमारे 13 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाख 6 हजार. भागाकार केला तर दर माणशी जेमतेम 26 चौरस मीटर जमीन येते. यातच घर, रस्ता, दुकान, कारखाना, शाळा, नाला, सगळे आले. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दर माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. म्हणजे आपल्या वाटणीच्या जमिनीचा चाळीस टक्के भाग मैदाने आणि बागांना द्यावा लागेल! लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांना वसवून 1949 साली हे गाव नावारूपास आले. त्या बराकींवर मजले चढत गेले, आणि मुले गल्लीत खेळू लागली. अंबरनाथ आणि बदलापूरला जागा त्या मानाने बरी, डोंगरही जवळ. पण तिथल्या नोकरदाराचा दिवस लोकल खाऊन टाकते. बदलापूरहून मुंबईला जाणारा माणूस अंधारात निघतो आणि अंधारात परततो. घराशेजारी बाग असून त्याला काय उपयोग?

वेळ ही जमिनीइतकीच मोठी मालमत्ता आहे. बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती 1946 साली झाली. आठवड्याला सहा तास मोकळे झाले. आज कंत्राटावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या तरुणाला विचारा, ते सहा तास कुठे गेले.

बायकांचे तर वेगळेच. त्याच मैदानावर संध्याकाळी मुले क्रिकेट खेळतात, कडेला रिकामटेकडे उभे असतात, दिवा बंद असतो. मैदान सार्वजनिक आहे, मनाईचा फलक नाही. पण सोळा वर्षांची मुलगी तिथे पळू शकते का? शिवाय नळाला पाणी येण्याची वेळ झाली की तिला घरी थांबावेच लागते. आणि वालधुनीच्या काठाने फिरायला जा, असा सल्ला तर कोणी देऊच नये. 2014 साली त्या नदीत सोडलेल्या रसायनाच्या वासाने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

मग लोकांनाच विचारावे, असे कोणी म्हणेल. विचारलेच पाहिजे, पण तेवढ्यावर भागत नाही. बंगालच्या दुष्काळानंतर 1944 साली कलकत्त्याजवळ सिंगूर येथे एक पाहणी झाली. आपली प्रकृती वाईट किंवा जेमतेम आहे असे विधुर पुरुषांपैकी 48.5 टक्के म्हणाले, विधवांपैकी फक्त 2.5 टक्के. विधवांची स्थिती प्रत्यक्षात वाईट होती. तक्रार करण्याची सवयच त्यांना राहिली नव्हती. सेन यांनीच दाखविले आहे की केरळमध्ये लोक अधिक जगतात आणि आजाराच्या तक्रारीही अधिक सांगतात, बिहारमध्ये दोन्ही कमी. शिकलेल्या माणसाला आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक असते. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे आपल्या आईचे उत्तर जसेच्या तसे रकान्यात लिहू नका.

तेव्हा माझी सूचना अशी. तीनही शहरांतील आपल्या वस्त्यांची पाहणी विद्यार्थ्यांनी करावी. ‘तुम्ही व्यायाम करता का’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: मनात आणले तर उद्या अर्धा तास फिरायला जाता येईल का? कुठे? किती वाजता? त्या वेळी मुलांना कोण पाहील? नाही म्हणाले तर काय आडवे येते, तेही लिहून घ्या. घरच्यांची नाराजी, कुत्रे, उघडे गटार, पाळी, गुडघा, काहीही असो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात ‘आइसकॅप’ नावाची प्रश्नावली तयार झाली आहे, तिचाही रोख माणसाला काय करता येते यावरच आहे. आणि उत्तराशेजारी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले लिहा. मैदान पावलांनी मोजा, फाटकाला कुलूप किती वाजता लागते ते पाहा, दिवे मोजा. अपंग माणसाची चाकाची खुर्ची आत जाते का ते पाहा. दवाखान्याचा फलक लिहून आणू नका. डॉक्टर किती वाजता येतात ते तिथल्या रांगेतल्या बाईला विचारा.

एक पथ्य पाळावे. प्रत्येक घरी दोघांनी जायचे आणि त्यांत एक मुलगी असलीच पाहिजे, कारण घरातला पुरुष समोर बसला की बाई ‘सगळे ठीक आहे’ म्हणते. त्याला जोडीदाराने बाहेर ओट्यावर गप्पांत गुंतवावे. कोऱ्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या कार्यालयात रविवारपासून मिळतील. बेरीज-वजाबाकीला मी बसेन, कामावरून सुटल्यावर साडेसातनंतर.

जय भीम, नमो बुद्धाय.