घराचा बाहेरचा रंग

घराला बाहेरून रंग द्यायचा म्हटलं की आपण आधी शेडकार्ड उघडतो. पाहायला हवी ती भिंत. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गिलाव्यात मुरलेलं पाणी पुढे उन्हानं बाहेर पडू पाहतं. वर वाफ अडवणारा ऑइलपेंट असेल, तर तो फुगे धरतो, पापुद्रे सुटतात. म्हणून बाहेरून ओल बाहेर जाऊ देणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन बरं, तेही नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस देऊन.

रंग निवडतानाही ऊनपाऊस धरायला हवा. गडद रंग ऊन शोषतो, पश्चिमेची भिंत रात्रीही तापलेली राहते. फिकट भिंतीवर शेवाळ उठून दिसतं, हा आक्षेप खरा आहे. पण शेवाळ धरतं ते ओघळणाऱ्या पाण्यामुळे. गडद रंगात ते फक्त लपतं, ओल मुरतच राहते. गडदच हवा असेल तर गेरू किंवा पिवडीच्या जातीचा घ्या. लोहाच्या ऑक्साइडचे हे रंग उन्हात सहसा विटत नाहीत. भडक गुलाबी, जांभळे लवकर उडतात. तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी छज्ज्याखालचे ओघळ आणि गच्चीच्या कठड्यावरच्या भेगा नीट बघून घ्या.