पुस्तक मुलांच्या हाती द्या
(कापणीच्या सणानिमित्त मंडळीपुढे केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच सणाला तुम्ही पाड्यावरच्या बालवाडीसाठी चित्रांच्या पुस्तकांची पेटी दिली होती. त्या पुस्तकांचं पुढे काय झालं, हे सांगायला मी उभी आहे. आभार मानायचेच आहेत. पण आधी एक कबुली द्यायची आहे. पहिले काही महिने ती पुस्तकं मी कपाटात कुलूप लावून ठेवली.

पुस्तकं फार सुंदर होती. गुळगुळीत कागद, पानभर चित्रं. आमच्या मुलांचे हात मातीचे, पावसाळ्यात तर चिखलाचेच. दानाची वस्तू जपली पाहिजे, वर्षाअखेरी हिशेब द्यायचा आहे, असं माझ्या मनात. म्हणून शुक्रवारी मी एक पुस्तक काढी, खुर्चीवर बसे आणि लांबून पान दाखवत वाची. मुलं गप्प बसत. मला वाटे, किती शिस्तीत ऐकतात!

ती शिस्त नव्हती. मुलांच्या घरात वारली बोली बोलतात, आणि मी वाचत होते पुस्तकी मराठी. त्यात गोष्ट होती बर्फात हरवलेल्या पेंग्विनच्या पिल्लाची. बर्फ म्हणजे काय, पेंग्विन म्हणजे काय, आणि ‘हिमखंड’ म्हणजे तरी काय? मी वाचून संपवी आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाई.

आमच्याकडे साडेचार वर्षांची एक मुलगी आहे. बालवाडीत आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. मी वहीत ‘बोलत नाही’ अशी नोंद केली होती. कान तपासायला तिला तालुक्याला न्यावं, असं तिच्या आईला सांगूनही ठेवलं होतं. आई बिचारी घाबरून गेली होती. एका दिवसाची मजुरी बुडवून जायचं, आणि तिथे काय सांगतील कोण जाणे.

जुलैमध्ये एका रात्री छप्पर गळलं आणि कपाटात पाणी शिरलं. ओढ्याला पूर आल्यामुळे मला पोहोचायला उशीर झाला. आमच्या मदतनीस ताई त्याच पाड्यावरच्या. त्यांनी कुलूप उघडून सगळी पुस्तकं सतरंजीवर वाळत घातली होती. मी दारात पोहोचले तेव्हा मुलं त्या पुस्तकांमध्ये पालथी पडली होती. कोणी पान उलटं धरलं होतं, कोणी चित्रातल्या माकडाला वेडावून दाखवत होतं. मी ओरडणार, एवढ्यात ती मुलगी दिसली.

तिच्यापुढे खेकड्याचं पुस्तक होतं. त्यात अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. एक छोटा खेकडा घर शोधायला निघतो, बगळ्यापासून लपतो, पाण्यात वाहून जातो आणि शेवटी एका दगडाखाली पोहोचतो. तिने चित्रावर बोट ठेवलं आणि एक शब्द उच्चारला. तो मला कळला नाही. मग ती थांबेचना. ताईंनी मला नंतर सांगितलं, की पहिला पाऊस पडला की खेकडे कुठे निघतात, त्याला मागून कसं धरायचं म्हणजे नांगी लागत नाही, आणि तिच्या भावाने पुढून धरलं तेव्हा तो कसा रडला, हे सगळं ती खेकड्यालाच सांगत होती.

त्या दिवशी वहीतली नोंद मी खोडली. तिच्या आईला निरोप पाठवला, की तालुक्याला जायचं कारण नाही. ऐकू येत नव्हतं ते मला.

बंधू-भगिनींनो, यात नवीन असं काही नाही. आपल्याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, आदिवासी मुलांचं शिक्षण उभं केलं. मुलं गुरं राखायला जात आणि शाळेत येत नसत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. महाग साधनांऐवजी बिया, पानं, खडे वापरले. मुलाजवळ जे आहे तिथून सुरुवात करायची, एवढाच त्याचा अर्थ. हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि तरीही कपाटाला कुलूप लावलं होतं.

मग लहान मुलांच्या पुस्तकांत प्राणीच का असतात? मला वाटतं, तीन-चार वर्षांचं मूल घरात सगळ्यांत लहान असतं. त्याला सगळे हुकूम करतात. गोष्टीतला ससा किंवा उंदीरही लहानच असतो. पण तो एकटा बाहेर पडतो, वाट चुकतो, मोठ्याला चकवतो आणि घरी परत येतो. मूल मांडीवर बसून ते सगळं धाडस करून येतं. आपल्या संडेस्कूलच्या मुलांना विचारा. नोहाच्या तारवात कोण कोण चढलं, बलामाची गाढवी काय बोलली, योनाला माशाने कसं गिळलं, हे त्यांना कधी विसरायला होत नाही.

बिअट्रिक्स पॉटर नावाच्या इंग्रज बाईंनी १८९३ साली पाच वर्षांच्या एका आजारी मुलाला पत्र लिहिलं. काय लिहावं सुचेना, म्हणून चित्रं काढून एका खोडकर सशाची गोष्ट सांगितली. पुढे प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये ते पुस्तक बाजारात आलं आणि आजही जगभर वाचलं जातं. पुस्तक छोट्या हातात मावेल एवढंच असावं, हा त्यांचा आग्रह होता. आणि लक्षात घ्या, ती गोष्ट जगासाठी लिहिलेली नव्हती. एका मुलासाठी होती.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी ते शहर आपल्या डोळ्यांनी चितारलं. जमिनीखालची रेल्वे त्यांना गांडुळासारखी दिसली, बस इमानी कुत्र्यासारखी, आणि बिग बेनचं घड्याळ वेळ सांगणाऱ्या कोंबड्यासारखं. चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. २०१८ मध्ये भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली. आदिवासी मुलाला कल्पनाशक्ती आपण द्यावी लागते, असं मनात असेल, तर ते पुस्तक जरूर पाहा.

आता आमच्या पाड्यावरचं सांगते. कुलूप निघाल्यावर पुस्तकं दुपारी ओट्यावर येऊ लागली. आजी-आजोबाही बसू लागले. एक गोष्ट होती मूर्ख वाघाची. मी रंगवून सांगत होते, मुलं हसत होती. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “बाई, वाघाला असं हसू नये.” वारली माणसं शिवेवर वाघदेव मांडतात, हे मला ठाऊक होतं, पण माझ्या हातातल्या पुस्तकाशी त्याचा संबंध मी जोडलाच नव्हता. मी म्हटलं, “मग आजोबा, तुमचा वाघ कसा आहे ते तुम्हीच सांगा.”

त्यांनी गोष्ट सांगितली. एक ससा रात्री वाट चुकतो. वाघ पुढे चालतो, मागे वळून बघत नाही, आणि त्याच्या पावलांचे ठसे धरून ससा पाड्यापर्यंत येतो. मुलं श्वास रोखून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या पुठ्ठ्यांना गेरू फासला आणि मुलांनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने त्यावर ती गोष्ट काढली. बारा पानं झाली. सुतळीने शिवलं. आमच्या बालवाडीतलं सगळ्यांत जास्त मागणी असलेलं पुस्तक आज तेच आहे.

आणि तो पेंग्विन? ताईंनी ती गोष्ट वारलीत सांगितली. “उडता न येणारा पक्षी आहे, आई सापडत नाही त्याला,” एवढ्यावर मुलांना सगळं कळलं. बर्फ त्यांनी कल्पनेने पाहिला. दूरचे प्राणी वर्ज्य नाहीत. ओळखीच्या बोलीतून गेलं की मुलं कितीही दूर जातात.

म्हणून यंदा माझी तीन मागणी आहेत. पहिली, पुस्तकं थोडी द्या, पण निवडून द्या: मोठी चित्रं, कमी शब्द, शक्य तर जाड पुठ्ठ्याची पानं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत मिळतात, त्या छापता आणि भाषांतरितही करता येतात; तरुण संघाने हे काम घ्यावं. दुसरी, पैशांबरोबर एक दुपार द्या. या, ओट्यावर बसा, मुलांकडून गोष्ट ऐका. तिसरी, पुस्तकं स्वच्छ राहिली का, असं मला विचारू नका.

हिशेब मात्र देते. तुमच्या पुस्तकांपैकी बरीच मळली आहेत, काहींची पानं निघाली आहेत ती आम्ही चिकटवली. एकच पुस्तक सापडत नव्हतं, खेकड्याचं. मागच्या आठवड्यात त्या मुलीच्या घरी गेले. चुलीशेजारी ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती आणि पान दाखवत म्हणत होती, मागून धर, मागून.

ते पुस्तक मी परत आणलं नाही. तुमची हरकत नसेल, असं धरून चालते.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.