कंपनी गेली, गाणे राहिले



सी.डी.वरची गाणी संगणकात उतरवून ठेवावी, ती वाटणारा सर्व्हर चालू करावा आणि अँप्लिफायरला एक छोटे यंत्र जोडावे, की घरच्या जाळ्यावरून आलेले संगीत हाय-फायवर वाजू लागते. हे काम अवघड नाही. अवघड प्रश्न आहे तो चावी कोणाच्या हाती, हा. लॉजिटेक कंपनीने अशी 'स्क्वीझबॉक्स' यंत्रे २०१२ साली बंद केली. २०२४ साली त्यांची ऑनलाइन सेवाही आटोपली. तरीही ती यंत्रे गातात! कारण सर्व्हरचा प्रोग्राम खुला होता. वापरणाऱ्यांनीच तो पुढे चालवला. आज त्याचे नाव 'लिरियन'. आम्हां संघटनेच्या माणसांना यात नवल वाटत नाही. यंत्र घेताना किंमत जरूर विचारा. पण कंपनी उठून गेली तर हे वाजेल काय, हे आधी विचारा.