बागेतील शोभेचा दगड : मोजमाप आणि खर्च

बागेतील पायवाटेवर, झाडांच्या आळ्यांभोवती किंवा पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या चरात जो शोभेचा दगड घातला जातो, त्याचा अंदाजखर्च काढताना बहुतेक घरमालक आधी दर विचारतात. वास्तविक खर्च सर्वांत जास्त ठरतो तो थराच्या जाडीवर. जागेची लांबी-रुंदी एकदा ठरली की तीत फारसा बदल होत नाही, परंतु दोन इंचांचा थर तीन इंचांचा झाला की दगड दीडपट लागतो, आणि जाडीचा आकडा अंदाजपत्रकात लिहिलेलाच नसेल तर हा फरक गाडी दारात उभी राहिल्यावरच कळतो.

महाराष्ट्रात खडी, वाळू आणि मुरूम ब्रासच्या मापाने विकले जातात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद पायवाटेवर तीन इंचांचा थर द्यावयाचा असेल, तर १२० चौरस फुटांना पाव फुटाने गुणून ३० घनफूट, म्हणजे ०.३ ब्रास दगड लागतो. धुमस केल्यावर थर दबतो आणि काही दगड कडेच्या मातीत रुततो, म्हणून त्यात दहा टक्के भर घालून ०.३३ ब्रास धरणे योग्य ठरते. झाडाभोवतीच्या गोल आळ्यासाठी बाहेरच्या त्रिज्येच्या वर्गातून आतल्या मोकळ्या जागेच्या त्रिज्येचा वर्ग वजा करून उरलेल्या संख्येला ३.१४ ने गुणावे. बाहेरची त्रिज्या तीन फूट आणि खोडाभोवती एक फूट जागा मोकळी ठेवली, तर सुमारे २५ चौरस फूट जागा भरते, आणि दोन इंची थराला चार घनफुटांहून थोडा अधिक दगड पुरतो. वाफा वळणदार असल्यास दर तीन फुटांवर त्याची रुंदी मोजून सरासरी काढावी आणि तिला मधल्या रेषेच्या लांबीने गुणावे. नजरेने बांधलेल्या अंदाजापेक्षा हे माप कितीतरी भरवशाचे असते.

जाडी आवडीप्रमाणे ठरवता येत नाही, ती दगडाच्या आकारावर अवलंबून असते. थर सर्वांत मोठ्या दगडाच्या निदान दुप्पट जाडीचा असावा, कारण एकेरी थरात दगडांमधून माती दिसत राहते आणि तण सहज वर येते. म्हणून पाऊण इंची खडीला दोन इंच पुरतात, तर दीड इंची खडीला तीन इंच तरी द्यावेच लागतात. मोठा दगड वापरला म्हणजे कमी माल लागेल, ही सर्रास आढळणारी समजूत याच कारणाने चुकीची ठरते.

दगडाचे माप घनफुटांत काढले तरी पिशव्यांतले गोटे आणि वजनकाट्यावरून येणारा माल किलोने किंवा टनाने विकला जातो, आणि घोटाळा होतो तो या दोन मापांच्या सांध्यावर. महाराष्ट्राच्या पठारावर सर्वत्र सापडणारा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, अखंड असताना पाण्याच्या सुमारे २.८ ते २.९ पट जड असतो. परंतु डब्यात भरलेल्या लाडवांमध्ये जशा फटी राहतात तशी मोकळ्या खडीच्या ढिगात चाळीस टक्क्यांहून अधिक जागा हवेचीच असते. त्यामुळे अशा खडीचा एक घनमीटर ढीग साधारण १.५ ते १.६ टन भरतो, एक घनफूट सुमारे ४४ किलो आणि एक ब्रास साधारण साडेचार टनांपर्यंत. एकाच आकाराचे दगड लहान असोत वा मोठे, फटींचे प्रमाण जवळपास तेच राहते; लहान-मोठे दगड एकत्र मिसळले तर मात्र बारीक दगड फटींत जाऊन बसतात आणि तेवढ्याच ब्रासचे वजन वाढते. ४४ किलोचा आकडा टिपून ठेवावा, कारण त्याच्या आधारे वर उल्लेखिलेल्या पायवाटेचा दगड, म्हणजे ३३ घनफूट, सुमारे साडेचौदाशे किलो भरेल हे लगेच पडताळता येते आणि गोणीच्या दराची ब्रासच्या दराशी तुलनाही होते.

ब्रासने माल घेताना गाडी रिकामी होण्यापूर्वी हौद्यातील मालाची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजावी, आणि मधला उंचवटा सपाट करूनच उंची धरावी. तो उंचवटा डोळ्यांना फसवतो. वजनावर माल घेताना भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची अशा दोन्ही पावत्या पाहाव्यात, आणि पावसाळ्यात ओल्या बारीक खडीबरोबर पाण्याचेही पैसे मोजले जातात याचे भान ठेवावे.

खर्चाच्या बाजूला खेपेचे भाडे हा भाग सर्वांत कमी लेखला जातो. केवळ उदाहरणासाठी, दगडाचा दर ब्रासला ३,००० रुपये आणि एका खेपेचे भाडे २,००० रुपये मानले, तर ०.३३ ब्रास दगडाची किंमत जेमतेम १,००० रुपये होते, पण गाडी अर्धी रिकामी आली तरी भाडे पूर्णच द्यावे लागते आणि दगडाच्या दुप्पट खर्च तो दगड आणण्यात जातो. म्हणून पायाचा मुरूम आणि वरची खडी एकाच खेपेत मागवणे, किंवा शेजाऱ्यांनी मिळून गाडी ठरवणे, दरात घासाघीस करण्यापेक्षा जास्त फायद्याचे ठरते. याशिवाय गौण खनिजावरील स्वामित्वधन, वस्तू व सेवा कर, माल उतरवून आत वाहून नेण्याची मजुरी, कडेचे दगड आणि खाली अंथरावयाचे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती आणि दगड वेगळे ठेवणारे कृत्रिम कापड, हे सर्व दरपत्रकात वेगवेगळे दाखवलेले असावे. हे माप काटेकोर असण्याला पैशापलीकडेही अर्थ आहे. गरज नसताना मागवलेला प्रत्येक ब्रास कोणत्या तरी टेकडीच्या अंगातून निघालेला असतो आणि तो परत तेथे जात नाही.

फरशीचा हिशेब वेगळा असतो. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी, जी चुनखडीचा एक प्रकार आहे, चौरस फुटाने विकली जाते. सरळ तुकड्यांत पाच टक्के तूट पुरते, वेडेवाकडे तुकडे जुळवून लावावयाचे असतील तर दहा ते पंधरा टक्के धरावी लागते.

मोठ्या धोंड्याच्या बाबतीत खरी किंमत तो हलवण्याची असते. साधारण अंडाकृती धोंड्याची लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले की त्याचे घनफळ मिळते, आणि अखंड बेसॉल्टचा एक घनफूट सुमारे ८० किलो भरतो. दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच असा दिसायला आटोपशीर वाटणारा धोंडा या हिशेबाने सुमारे १९० किलोंचा निघतो. तो दोघा मजुरांना पेलत नाही, आणि फाटकातून यंत्र आत येईल की नाही हे धोंडा पसंत करण्याआधीच पाहावे लागते.

राजस्थानातून येणारे पांढरे संगमरवरी तुकडे दिसायला सुंदर असले, तरी लांबच्या वाहतुकीमुळे महाग पडतात, आणि संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे माती हळूहळू अल्कधर्मी होते; इक्झोरासारख्या आम्लधर्मी माती मानवणाऱ्या झुडपांना मग लोह घेता येत नाही आणि पाने पिवळी पडू लागतात. अशा झाडांपाशी काळी खडीच बरी.

गच्चीवरील बागेत मात्र हिशेबाची दिशाच उलटी करावी लागते. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका वापराचा भार धरला जातो. तीन इंची खडीचा थर एकटाच त्यातले जवळजवळ १२० किलो खाऊन टाकतो, आणि माती, कुंड्या, पाणी व माणसे यांचे वजन त्यानंतर येते. तेथे किती भार चालेल हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे, त्यातून थराची जाडी काढावी, आणि दगडाचा दर त्यानंतर विचारावा.