जुना कपडा, पण मानाचा

आम्ही चिखल्याच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज बोलायचं आहे पेटीत पडून असलेल्या कपड्यांबद्दल.

रोवणी आली की लुगड्यावर घालायला पूर्ण बाहीचा जुना सदरा लागतो. ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत. तेंदूपत्ता तोडायला जातानाही तोच कामी येतो. कुणाच्या घरी असे चार सदरे नुसते पडून असतात, तर कुणाला रोवणीसाठी नवा घ्यावा लागतो. पोरांच्या शाळेच्या गणवेशाचंही तसंच. पोरगं वाढतं, गणवेश चांगलाच राहतो.

मग मागून का घेत नाही? कारण लाज वाटते. दुसऱ्याचं उतरलेलं घातलं, असं कुणी चारचौघींत बोललं तर जिवाला लागतं. आणि देणारीलाही संकोच वाटतो, की जुनं दिलं तर हिला राग येईल का?

यावर एक साधा उपाय आहे. कपड्याला भाव लावायचा. लोकांनी दिलेल्या वस्तू स्वस्तात विकायच्या आणि आलेला पैसा चांगल्या कामाला लावायचा, अशी दुकानं इंग्लंडात जागोजागी आहेत. ऑक्सफर्ड शहरातलं ऑक्सफॅम संस्थेचं दुकान 75 वर्षांहून जास्त काळ चालू आहे. जी पैसे मोजते, ती गिऱ्हाईक असते. तिच्यावर कुणाचे उपकार नसतात.

आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी 1999 साली दिल्लीत 'गूंज' ही संस्था काढली. शहरातले जुने कपडे ते गावात नेतात, पण फुकट वाटत नाहीत. गावकरी मिळून विहीर, रस्ता, तलाव असं गावाचं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. या कामासाठी गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कपडा वाचवल्यानं काय वाचतं, तेही ऐका. कापूस पिकवण्यापासून एक सुती सदरा तयार होईपर्यंत सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. 15 लिटरचा गुंड धरला तर 180 गुंड झाले! आणि पॉलिस्टरची साडी तर मातीत कुजत नाही. जाळली तर विषारी धूर होतो, फेकली तर बोडीत नाहीतर नालीत अडकते. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. त्या तलावांत आपल्याच साड्या सडत पडाव्यात का?

म्हणून आम्ही ठरवलं आहे, की महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी गटाचं जुन्या कपड्यांचं दुकान लावायचं. नियम थोडेच आहेत. कपडा धुऊन, वाळवून, घडी करून आणावा. बटन तुटलं असेल तर लावून आणावं. आतले कपडे आणू नयेत. जो कपडा आपल्या बहिणीला देताना लाज वाटेल, तो दुकानात ठेवायचा नाही. सदरा 20 रुपये, गणवेश 30 रुपये, लहान पोरांचे कपडे 10 रुपये. जिच्याजवळ पैसे नसतील, तिनं दोन तास बसून कपडे निवडावेत, उसवलेलं शिवावं आणि मजुरी म्हणून कपडा घेऊन जावा. फाटक्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवू, उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी करू.

पैशाचा हिशेब वहीत लिहू आणि दर सभेत वाचून दाखवू. तो पैसा कुठं लावायचा, हेही सभेतच ठरेल.

बायांनो, नवं घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. सणाला, लग्नाला नवं घ्यावंच. पण रोवणीच्या चिखलात नवा सदरा कशाला? आज घरी गेल्यावर पेटी उघडा. जे दोन वर्षांत अंगाला लागलं नाही, ते बाजूला काढा. रोवणीच्या आधी दुकान लागलं पाहिजे.